न्यूट्रल तापतो, कपॅसिटर फुगतात: अ‍ॅक्टिव्ह फिल्टर घ्यावा का, आणि किती अँपिअरचा?

अंधेरी पूर्वेच्या एका व्यापारी इमारतीच्या देखभाल विभागाची जबाबदारी तुमच्याकडे आहे. इमारतीत ११ केव्ही/४३३ व्होल्टचा, १००० केव्हीएचा आणि ५ टक्के इम्पिडन्सचा (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचा) ट्रान्सफॉर्मर आहे. कामाच्या वेळात भार साधारण ६०० अँपिअर असतो आणि प्रवाहातील एकूण हार्मोनिक विकृती (५० हर्ट्झच्या पटीतल्या नकोशा लहरींचे मूळ प्रवाहाशी प्रमाण), म्हणजे टीएचडी, ३५ टक्के भरते. मजल्यांवर जाणारा न्यूट्रल हात लावता येणार नाही इतका तापतो, फेज समतोल असूनही त्यात २१० अँपिअर दिसतात. पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या, ४०० केव्हीएआरच्या एपीएफसी पॅनेलमधील कपॅसिटर दर काही महिन्यांनी फुगतात, आणि रिले सारखा स्टेप (कपॅसिटरचे गट) आतबाहेर करत असल्याने ते पॅनेल मॅन्युअलवर टाकून सगळे स्टेप चालूच ठेवले आहेत. विक्रेत्याने ३०० अँपिअरचा अ‍ॅक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर सुचवला असून टीएचडी ५ टक्क्यांच्या आत आणण्याची हमी दिली आहे. तो घ्यावा का, हा तुमचा प्रश्न.

माझे उत्तर असे की फिल्टर लागेल, परंतु आज नाही, आणि ३०० अँपिअरचा तर नक्कीच नाही. तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. बेसमेंटमधल्या एका कपाटाने तिन्ही मिटतील असे समजणे हीच या खरेदीतली मोठी चूक ठरेल.

तुम्ही पाठवलेल्या मापनातील एक गोष्ट माझ्या लगेच डोळ्यात भरली. पाचवा हार्मोनिक २० टक्के आहे, तर सातवा २५ टक्के. चिलर, पंप आणि एएचयू (हवा फिरवणारी यंत्रे) यांचे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, सहा-पल्स रेक्टिफायरवर (एसीचे डी.सी. करणाऱ्या सर्किटवर) चालतात. असा रेक्टिफायर पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा या क्रमाने हार्मोनिक निर्माण करतो आणि क्रम वाढत जाईल तसतशी त्यांची मात्रा घटत जाते. आदर्श गणितात पाचवा २० टक्के, सातवा सुमारे १४, अकरावा ९ आणि तेरावा पावणेआठच्या आसपास येतो. प्रत्यक्षातले आकडे यापेक्षा वेगळे असतात, पण सातवा पाचव्याच्या वर जाणे हे रेक्टिफायरच्या स्वभावात नाही. तो वर गेला आहे म्हणजे त्याला कोणीतरी फुगवत आहे, आणि तुमच्या पॅनेलमध्ये ते काम करू शकणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे कपॅसिटर.

गणित दोन ओळींचे आहे. १००० केव्हीए आणि ५ टक्के इम्पिडन्स धरल्यास ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला शॉर्ट सर्किट क्षमता २० एमव्हीए, म्हणजे २०,००० केव्हीए येते. तिला ४०० ने भागले की ५०, आणि ५० चे वर्गमूळ ७.०७. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे इंडक्टन्स आणि तुमचे सगळे कपॅसिटर मिळून जवळजवळ नेमक्या सातव्या हार्मोनिकवर, ३५० हर्ट्झवर, समांतर रेझोनन्समध्ये येतात, म्हणजे त्या वारंवारतेचा प्रवाह दोघांत घुमून कितीतरी वाढतो. १५० केव्हीएआर चालू असताना हाच बिंदू साडेअकरावर असतो, २०० वर तो दहावर येतो आणि स्टेप वाढत जातील तसा खाली सरकत जातो. रिले ऑटोवर असता तर निदान हा बिंदू फिरता राहिला असता. सगळे स्टेप कायमचे चालू ठेवून तुम्ही त्याला नकळत सातव्यावर खिळवून ठेवले आहे. कपॅसिटर फुगतात ते निकृष्ट आहेत म्हणून नव्हे. वारंवारता वाढते तसा कपॅसिटरचा अवरोध कमी होतो, त्यामुळे ३५० हर्ट्झच्या व्होल्टेजचा थोडासा अंशही त्यांच्यातून मोठा प्रवाह ढकलतो, आणि तो प्रवाह त्यांना आतून शिजवतो.

म्हणून पहिले काम बिनखर्चाचे आहे. एखाद्या कामाच्या दिवशी, भार भरात असताना, एपीएफसी पॅनेल पंधरा-वीस मिनिटे पूर्ण बंद करून पुन्हा मापन घ्या. एकूण प्रवाह वाढेल आणि पॉवर फॅक्टर पडेल, त्याची तेवढ्या वेळापुरती काळजी करू नका. या वेळी टक्क्यांकडे न पाहता प्रत्येक हार्मोनिकचे अँपिअर लिहून घ्या, कारण मूळ प्रवाह बदलला की टक्केवारी फसवते. माझा कयास आहे की सातवा पाचव्याच्या बराच खाली येईल. तसे झाले तर निम्मे निदान तिथेच पूर्ण होते.

दुसरा प्रश्न असा की तुम्हाला ४०० केव्हीएआर लागतात तरी का? तुम्हीच लिहिले आहे की पूर्वी चिलर आणि पंप थेट लाईनवर चालत असत आणि मागाहून त्यांना व्हीएफडी बसवले. एपीएफसी पॅनेल त्या जुन्या काळाचे आहे. व्हीएफडीच्या मागे असलेल्या मोटरचा रिअ‍ॅक्टिव्ह प्रवाह ड्राइव्हच्या डी.सी. बसपाशीच थांबतो, लाईनला दिसणारा विस्थापन पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि मूळ प्रवाह यांच्यातल्या कोनावरून येणारा) सहसा ०.९५ च्या वर असतो. म्हणजे कपॅसिटरची गरज घटली आणि कपॅसिटर मात्र तेवढेच राहिले. भार सुमारे ४०० किलोवॉट आणि मूळ पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तरी ०.९८ पर्यंत जाण्यास २०० केव्हीएआर पुरतात. तुमचा रिले सारखा हंटिंग करतो, त्याचे एक कारण विकृत लाट असेलच, पण दुसरे कारण हेही असू शकेल की घटलेल्या गरजेच्या मापाचा स्टेपच त्याच्याकडे नाही. ज्यांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर, निघते त्यांना लीडिंग (कपॅसिटर जास्त झाल्याने उलटा गेलेला) पॉवर फॅक्टरही महागात पडतो, हेही विसरू नये.

पॉवर फॅक्टरबाबत आणखी एक गैरसमज इथे दूर करतो. खरा पॉवर फॅक्टर हा विस्थापन आणि विकृती या दोन घटकांचा गुणाकार असतो. ३५ टक्के टीएचडीला विकृतीचा घटक ०.९४४ येतो. म्हणजे विस्थापन ०.९९ असले तरी खरा पॉवर फॅक्टर ०.९३ च्या जेमतेम वर राहतो, आणि त्यावर कितीही कपॅसिटर टाकले तरी तो हलत नाही. उलट रेझोनन्समुळे विकृती वाढली तर तो आणखी खाली जातो. ‘पॉवर फॅक्टर येत नाही, अजून एक स्टेप टाका’ हा सल्ला मी मुंबईतल्या कितीतरी पॅनेलरूममध्ये ऐकला आहे.

कपॅसिटर ठेवायचे तर ते डीट्यून्ड रिअ‍ॅक्टरसह ठेवावेत. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर मालिकेत घातला की ती शाखा १८९ हर्ट्झवर ट्यून होते, त्यावरच्या प्रत्येक वारंवारतेला ती इंडक्टिव्ह दिसते आणि २५० किंवा ३५० हर्ट्झवर रेझोनन्स होऊच शकत नाही. मात्र जुने ४४० व्होल्टचे कपॅसिटर त्यात वापरू नका. रिअ‍ॅक्टरमुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज ४१५ भागिले ०.९३, म्हणजे सुमारे ४४६ होते, त्यावर हार्मोनिकचा भार वेगळा. ४८० किंवा ५२५ व्होल्टचे घ्यावेत. काही जण १४ टक्क्यांचा, १३४ हर्ट्झचा रिअ‍ॅक्टर सुचवतील. तिसरा हार्मोनिक फेजांमध्ये असमतोल असेल तर तो आग्रह रास्त आहे. तुमच्याकडचा तिसरा समतोल दिसतो, आणि समतोल तिसरा डेल्टा जोडणीच्या कपॅसिटर बँकेत शिरत नाही, त्यामुळे ७ टक्के पुरेसे आहेत.

आता न्यूट्रल. तिन्ही फेजांतला तिसरा हार्मोनिक एकाच ठोक्यात चालतो. मूळ ५० हर्ट्झचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदून टाकतात, तिसरे मात्र बेरजेला येतात. तुमच्या मापनात तिसरा मूळ प्रवाहाच्या १२ टक्के आहे, म्हणजे प्रत्येक फेजमध्ये सुमारे ६८ अँपिअर, आणि त्याची तिप्पट २०४. तुम्ही मोजलेले २१० हे त्याच हिशेबाचे आहेत. हे सारे संगणक, एलईडी दिवे आणि लहान यूपीएस यांच्या एकफेजी रेक्टिफायरमधून येते. जुन्या इमारतींत न्यूट्रल फेजच्या निम्म्या छेदाचा घालण्याची पद्धत होती, आणि तसल्या न्यूट्रलवर २०० अँपिअर म्हणजे आगीला आमंत्रण. याचे काम फिल्टरच्या खरेदीसाठी थांबवून ठेवू नका.

इथेच विक्रेत्याचा प्रस्ताव अपुरा पडतो. समांतर जोडलेला अ‍ॅक्टिव्ह फिल्टर फक्त स्वतःच्या वरच्या बाजूचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडचा प्रवाह स्वच्छ करतो. खालच्या केबलमध्ये जे वाहत होते ते तसेच वाहत राहते. फिल्टर बेसमेंटमधल्या मुख्य एलटी (लो टेन्शन) पॅनेलवर बसवला तर मजल्यांवर जाणाऱ्या राइझरचा (उभ्या केबलचा) न्यूट्रल एक अंशानेही थंड होणार नाही. शिवाय प्रस्तावातला फिल्टर तीन-वायरचा आहे, म्हणजे न्यूट्रलला तो हातच लावत नाही. राइझरसाठी दोनच खरे उपाय आहेत: न्यूट्रलचा छेद वाढवणे, किंवा मजल्यांच्या वितरण बोर्डांपाशी लहान चार-वायरचे फिल्टर बसवणे. माझा कल पहिल्याकडे आहे. तांबे एकदाच विकत घ्यावे लागते, ते बिघडत नाही, आणि त्याला वार्षिक देखभाल करार लागत नाही. गंमत म्हणजे हा समतोल तिसरा हार्मोनिक तुमच्या डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टा बाजूत फिरत राहतो आणि ११ केव्हीच्या लाईनवर जवळजवळ दिसतच नाही, म्हणजे वीज कंपनीच्या दृष्टीने तुमच्या या दुखण्याचे अस्तित्वच नाही.

मग अ‍ॅक्टिव्ह फिल्टर नेमके काय करतो, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तो आयजीबीटी या वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विचांचा एक इन्व्हर्टर असतो आणि त्याच्या मागे डी.सी. कपॅसिटर असतो. ४१५ व्होल्टच्या लाटेचे शिखर ५८७ व्होल्टवर असते, त्यामुळे हव्या त्या दिशेने प्रवाह ढकलता यावा म्हणून हा डी.सी. बस साधारण ७०० ते ८०० व्होल्टवर राखलेला असतो. सीटीमधून (प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) भाराचा प्रवाह मोजला जातो, प्रोसेसर त्यातला ५० हर्ट्झचा घटक वेगळा काढतो आणि जे उरते त्याचे उलटे चित्र इन्व्हर्टर लाईनमध्ये सोडतो. भाराला हवे ते हार्मोनिक फिल्टरकडून मिळतात आणि ट्रान्सफॉर्मरकडून फक्त मूळ लाट मागितली जाते. कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये सासाकी आणि माचिदा यांनी आणि १९७६ मध्ये ग्युगी आणि स्ट्रायकुला यांनी ती मांडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये हिरोफुमी अकागी आणि सहकाऱ्यांनी तात्कालिक रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा सिद्धान्त दिला, तेव्हा हार्मोनिक प्रवाह क्षणोक्षणी वेगळा काढण्याचे गणित हाती आले. त्यानंतर आयजीबीटी आणि वेगवान प्रोसेसर स्वस्त झाले आणि हे यंत्र प्रयोगशाळेतून पॅनेलरूममध्ये आले. कॅटलॉगमध्ये प्रतिसादाचा काळ मायक्रोसेकंदांत छापलेला असतो, तो बहुधा नियंत्रकाच्या पहिल्या हालचालीचा असतो. निवडक हार्मोनिक काढण्याच्या पद्धतीत पूर्ण भरपाई व्हायला एक-दोन सायकल, म्हणजे २० ते ४० मिलिसेकंद, धरून चाला. इमारतीच्या भाराला तेवढे पुष्कळ झाले.

या यंत्राचा एक स्वभाव विक्रेते सहसा सांगत नाहीत. डी.सी. कपॅसिटर असलेला डायोड रेक्टिफायर हा हार्मोनिक प्रवाहाच्या स्रोतापेक्षा हार्मोनिक व्होल्टेजच्या स्रोतासारखा वागतो. त्याला आवर घालते ती फक्त लाईनची इम्पिडन्स. समांतर फिल्टर बसवला की हार्मोनिकांना जवळचा, सोपा रस्ता मिळतो, इम्पिडन्स जणू कमी होते आणि ड्राइव्ह पूर्वीपेक्षा अधिक हार्मोनिक ओढू लागतो. ट्रान्सफॉर्मरकडची टीएचडी खाली येते, पण भाराची वर जाते, आणि मापनाआधी हिशेब करून घेतलेला फिल्टर पहिल्याच आठवड्यात १०० टक्क्यांवर पोहोचून मर्यादेत अडकतो. म्हणून ज्या ड्राइव्हमध्ये अंगचा डी.सी. चोक (प्रवाह सपाट करणारी कॉइल) नाही त्यांच्या आधी ३ ते ५ टक्क्यांचा लाईन चोक घालणे ही माझी अट असते. चोक नसलेल्या ड्राइव्हची टीएचडी ८० टक्क्यांच्या वरही जाऊ शकते, चोक घातल्यावर ती साधारण ३५ ते ४० वर येते. फिल्टरच्या प्रत्येक अँपिअरपेक्षा चोकचा अँपिअर कितीतरी स्वस्त पडतो.

आता आकार. आजच्या मापनावर हिशेब केला तर ६०० अँपिअर आरएमएसमध्ये मूळ प्रवाह ५६६ आणि हार्मोनिक १९८ अँपिअर आहे. ते ८ टक्क्यांवर आणण्यास सुमारे १५३ अँपिअर लागतात, पंचवीस टक्के वाढीव धरून १९० च्या आसपास. म्हणजे आजच्या बिघडलेल्या अवस्थेतही ३०० ची गरज नाही. रेझोनन्स काढून आणि चोक घालून टीएचडी समजा २२ टक्क्यांवर आली, तर हार्मोनिक १२९ अँपिअर उरतात, ८ टक्क्यांसाठी ८२ लागतात, आणि वाढीव धरूनही १०० अँपिअरच्या आसपासचा फिल्टर पुरतो. हे २२ माझे गृहीत आहे, तुमचा खरा आकडा मापनातून येईल.

मी ८ टक्के का धरले आणि विक्रेत्याने ५ का, हे विचारणे योग्यच आहे. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ५१९ या मानकात मर्यादा ठरते ती जोडणीच्या बिंदूवरील शॉर्ट सर्किट प्रवाह आणि तुमचा कमाल मागणी प्रवाह यांच्या गुणोत्तरावर. गुणोत्तर २० च्या खाली असेल तर ५ टक्के, २० ते ५० मध्ये ८, ५० ते १०० मध्ये १२, आणि १०० ते १००० मध्ये १५ टक्के. तुमच्या एलटी बसवर पुरवठ्याची बाजू बळकट धरून शॉर्ट सर्किट प्रवाह साधारण २६.७ किलोअँपिअर येतो, ६०० ने भागले की ४४, म्हणून ८ टक्के. तुम्ही ११ केव्हीवर मीटरिंग असलेले ग्राहक असाल तर जोडणीचा बिंदू तिकडे जातो आणि मर्यादा बहुधा आणखी सैल होते, त्यासाठी फीडरची फॉल्ट लेव्हल आपल्या वीज कंपनीकडून लेखी मागून घ्या. शिवाय ही मर्यादा टीएचडीची नसून टीडीडीची आहे, म्हणजे भागाकारात त्या क्षणाचा प्रवाह नव्हे तर कमाल मागणीचा प्रवाह येतो. रात्री दोन वाजता जिन्यातले दिवे आणि एक लिफ्ट चालू असताना टीएचडी ६० टक्के दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मापनही पाच मिनिटांचे नको, आठवडाभराचे दहा-दहा मिनिटांचे नोंदवलेले हवे, कारण मानक ९५ टक्के वेळेचा आकडा विचारते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेच्या शीर्षकातच आता विजेच्या गुणवत्तेचा समावेश आहे, त्यामुळे हा अहवाल फाइलमध्ये असणे पुढेही उपयोगी पडेल.

सीटीविषयी सविस्तर लिहितो, कारण मी पाहिलेल्या अपयशी फिल्टरांत यंत्र बिघडलेले क्वचितच होते, सीटी चुकलेले पुष्कळ होते. सीटी भाराच्या बाजूला घ्यावेत आणि त्यांच्यामधून कपॅसिटर बँकेचा प्रवाह जाऊ नये, अन्यथा फिल्टर कपॅसिटरचा पाठलाग करू लागतो, कपॅसिटर त्याला उत्तर देतो आणि दोघेही गुणगुणू लागतात. सीटीची दिशा उलटी लागली तर फिल्टर हार्मोनिक काढण्याऐवजी तेवढेच घालतो. लोअर परळच्या एका गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत मी गेलो तेव्हा फिल्टर तीन महिने ‘चालू’ होता आणि ट्रान्सफॉर्मर आधीपेक्षा जास्त तापत होता. एका फेजचा सीटी उलटा होता आणि बाकीचे दोन आपसात बदललेले होते, तरी पडद्यावर सगळे हिरवे. तुमच्याकडे जनरेटरसाठी वेगळा इनकमर (पुरवठा आत येण्याचा स्विच) आहे, त्यामुळे सीटी ट्रान्सफॉर्मरच्या इनकमरवर बसवले तर जनरेटरवर गेल्याक्षणी फिल्टर आंधळा होईल. भाराच्या बाजूचे सीटी हा प्रश्नही मिटवतात.

मुंबईत वीज क्वचित जाते म्हणून जनरेटरकडे दुर्लक्ष होते, आणि मग १२ ऑक्टोबर २०२० सारखा, शहरभर वीज गेल्याचा दिवस उगवतो. जनरेटरची अंतर्गत इम्पिडन्स ठरवणारी सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स १२ ते १५ टक्के असते, ट्रान्सफॉर्मरची ५. तेवढ्याच हार्मोनिक प्रवाहाने जनरेटरवर व्होल्टेजची विकृती अडीच-तीन पट होते, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा नियंत्रक) डगमगतो आणि यूपीएस इनपुट नाकारून बॅटरीवर जातात. तुमच्या इमारतीत फिल्टरचे सर्वाधिक मोल कदाचित याच तासांत दिसेल. त्यामुळे स्वीकृती चाचणी जनरेटरवरही घ्यावी, आणि जनरेटर चालू असताना कपॅसिटर बँक इंटरलॉकने बाहेर राहील असे करावे.

प्रस्तावातील ‘वीजबिलात १५ टक्के बचत’ हे वाक्य खोडून टाका. फिल्टर स्वतः आपल्या क्षमतेच्या दोन-तीन टक्के वीज खातो, १०० अँपिअरच्या फिल्टरची क्षमता ७२ केव्हीए धरली तर सुमारे दोन किलोवॉट. ट्रान्सफॉर्मरमधले एडी करंटचे नुकसान हार्मोनिक क्रमाच्या वर्गाने वाढते, ते वाचेल. मीटर केव्हीएएच कोणत्या पद्धतीने मोजतो त्यावर थोडाफार फायदाही होईल. पण मिळकतीचा मुख्य भाग आहे तो ट्रान्सफॉर्मरमध्ये मोकळी झालेली क्षमता आणि न जळालेली उपकरणे.

ते दोन किलोवॉट उष्णतेच्या रूपाने तुमच्या बेसमेंटमध्येच पडणार आहेत, ज्या खोलीत आज एकच एक्झॉस्ट पंखा आहे. तापमान वाढले की फिल्टर स्वतःला डिरेट करतो, म्हणजे मे महिन्यात दुपारी, चिलर भरात असताना, तो नेमका कमी काम करेल. पावसाळ्यातली दमट, खारट हवा पंख्यातून थेट सर्किट बोर्डांवर येते, म्हणून कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा लेप) केलेले बोर्ड ही अट खरेदी आदेशात लिहा आणि हवेच्या जाळ्या दर महिन्याला धुण्याचे काम कोणाच्या तरी नावावर टाका. २६ जुलै २००५ ला ज्यांनी बेसमेंटमधली पॅनेल पाण्याखाली पाहिली आहेत त्यांना फिल्टर जमिनीपासून उंच चौथऱ्यावर बसवायला सांगावे लागत नाही, पण आता ती माणसे निवृत्त होत आहेत, म्हणून सांगतो.

खरेदी आदेशात हमी टीएचडीची न मागता, निश्चित भारावर फिल्टरच्या वरच्या बाजूला मोजलेल्या टीडीडीची मागा, पूर्ण भाराला फिल्टर ८० टक्क्यांच्या आत चालला पाहिजे असे लिहा, आणि अखेरचा हप्ता आठवडाभराच्या मापनानंतरच द्या. विक्रेता खरा असेल तर कुरकुर करणार नाही. त्याआधी मात्र एपीएफसी बंद करून घेतलेले ते वीस मिनिटांचे मापन मला पाठवा, प्रत्येक फेजचे आणि न्यूट्रलचे, अँपिअरमध्ये. चोक किती ड्राइव्हना आधीच आहेत याची यादीही सोबत असू द्या. त्यावरून फिल्टरचा आकार एका बैठकीत ठरेल.